नावासाठी साडेसहा महिने

आमच्या बॅरकमध्ये सध्या एका अमेरिकन मालिकेवरून दोन तट पडले आहेत. ‘द वॉकिंग डेड’ हे तिचं नाव. मेलेली माणसं उठून चालू लागतात, जिवंतांना चावतात आणि चावलेला माणूसही मरून त्यांच्यातलाच एक होतो, अशी गोष्ट. मालिका २०१० साली सुरू झाली आणि २०२२ साली संपली, म्हणजे विषय तसा शिळा. पण इथे नेटवर्कचा भरवसा नाही. सुट्टीवरून परतताना पोरं मोबाइलमध्ये जे भरून आणतात, तेच महिनोन्‌महिने पुरवून पुरवून बघतात. त्यामुळे जगात २०१६ मध्ये जो वाद झाला, तो आमच्याकडे आत्ता चालू आहे. सातव्या सीझनचा पहिला भाग बघून निम्मी पोरं म्हणतात, बस झालं, यापुढे ही मालिका नको. उरलेली त्यांना हसतात. म्हणतात, फौजी असून रक्ताला भ्यायलात?

मला दोन्ही बाजू अर्ध्याच पटतात. मालिका सोडणाऱ्यांचा राग खरा आहे, पण त्याचं कारण रक्त आहे असं मला वाटत नाही. ते कारण फौजेत राहिलेल्या माणसाला इतरांपेक्षा लवकर कळायला हवं, म्हणून हा लेख.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही (माजी सैनिक वाचकांपैकी बरेच जण यात असतील), त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. रिक ग्राइम्स हा जॉर्जिया राज्यातला एक पोलीसवाला. गोळी लागून तो बेशुद्ध पडतो आणि शुद्धीवर येतो तेव्हा इस्पितळ ओस पडलेलं असतं. बाहेर मुडद्यांचं राज्य. मालिकेत त्यांना ‘झोंबी’ कुणी म्हणत नाही, ‘वॉकर’ म्हणतात. पहिल्याच भागाच्या शेवटी रिक अटलांटा शहरात एका रणगाड्यात अडकतो. बाहेर वॉकरांचा गराडा. तेवढ्यात रणगाड्यातल्या रेडिओ सेटवर एक आवाज येतो. थोडा टिंगल करणारा, पण मदतीला आलेला. तो ग्लेन. पूर्वी घरोघर पिझ्झा पोचवणारा, कोरियन वंशाचा एक साधा पोरगा. ज्याने कधी सेटवर रात्र काढली आहे, त्याला अंधारात आलेल्या अशा आवाजाची किंमत वेगळी सांगायला नको. प्रेक्षकांचं ग्लेनशी नातं जडलं ते तिथून, आणि पुढे सहा वर्षं ते घट्टच होत गेलं.

दुसरा माणूस अब्राहम. अमेरिकन सैन्यातला सार्जंट, धिप्पाड, तांबड्या मिशांचा, तोंडाने फटकळ. प्रत्येक पलटणीत असा एक हवालदार असतो. त्याच्या शिव्या सगळे खातात आणि तो सुट्टीवर गेला की सगळ्यांना चुकल्याचुकल्यासारखं होतं.

आता प्रसंग. सहाव्या सीझनमध्ये रिकच्या माणसांनी निगन नावाच्या गुंडाच्या एका ठाण्यावर रात्री हल्ला केला आणि झोपेतल्या माणसांना मारलं. शत्रूचं बळ नेमकं किती, याचा अंदाज त्यांनी नीट घेतलाच नव्हता. टेहळणी अपुरी आणि आत्मविश्वास दांडगा, याचं जे होतं तेच झालं. सीझनच्या शेवटच्या भागात ग्लेनची गरोदर बायको मॅगी आजारी पडते. तिला डॉक्टरकडे न्यायला हे निघतात, तर ज्या रस्त्याने जावं तो रस्ता निगनच्या माणसांनी अडवलेला. शेवटी रात्री जंगलात अकरा जण गुडघ्यांवर, एका ओळीत. समोर निगन, हातात काटेरी तार गुंडाळलेली बेसबॉलची बॅट. लहान मुलं राज्य कुणावर हे ठरवायला एकेकावर बोट ठेवत जशी मोजणी करतात, तशी मोजणी करून तो एक जण निवडतो. कोण निवडला गेला, ते दिसत नाही. कॅमेराच त्या माणसाचा डोळा होतो, बॅट आपल्याच डोक्यावर येते, पडद्यावर रक्त ओघळतं आणि अंधार. सीझन समाप्त.

तारीख होती ३ एप्रिल २०१६. पुढचा भाग आला २३ ऑक्टोबरला. मधले २०३ दिवस जगभरच्या प्रेक्षकांनी एकच प्रश्न चघळला, की कोण मेलं? चॅनेलनेही तो प्रश्न विझू दिला नाही. आणि ऑक्टोबरचा भाग सुरू झाला तरी उत्तर लगेच मिळालंच नाही. मारून झाल्यानंतरच्या वेळेपासून गोष्ट सुरू केली, रिकच्या चेहऱ्यावरचं रक्त दाखवलं, आणि बरीच मिनिटं घालवून मग मागे जाऊन दाखवलं की अब्राहम गेला. ते बघून डॅरिलने उठून निगनला ठोसा मारला, तर त्याची शिक्षा म्हणून निगनने ग्लेनलाही मारलं, त्याच्या बायकोच्या डोळ्यांदेखत. शेवटी रिकला स्वतःच्या पोराचा हात तोडायला सांगितलं आणि अगदी शेवटच्या क्षणी थांबवलं. रिक मोडला, हे पाहिल्यावर निगन निघून गेला.

त्या रात्री एकट्या अमेरिकेत सुमारे १ कोटी ७० लाख लोकांनी हा भाग पाहिला. पुढच्या आठवड्यात आकडा उतरला सुमारे १ कोटी २५ लाखांवर. एप्रिल २०१७ मध्ये सीझन संपला तेव्हा तो १ कोटी १३ लाखांच्या आसपास होता. उतार एका भागामुळेच लागला असं कुणी छातीठोकपणे म्हणू नये, मालिका जुनी झाली होती. पण त्या आठवड्यात ‘आता पुरे’ म्हणणारे लोक जागोजाग होते. अमेरिकेतल्या पॅरेंट्स टेलिव्हिजन कौन्सिल या संस्थेने हिंसाचारावर कडक टीका केली. निर्मात्यांपैकी गेल अ‍ॅन हर्ड यांनी जानेवारी २०१७ मध्ये सांगितलं की प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया पाहून पुढच्या भागांतली हिंसा जरा सौम्य केली.

म्हणजे निर्मात्यांनी निदान केलं, की औषध जास्त कडू झालं, थोडं पाणी घाला. माझ्या मते निदानच चुकलं.

का, ते याच मालिकेतल्या दुसऱ्या एका भागावरून दिसतं. मार्च २०१४ मध्ये चौथ्या सीझनचा ‘द ग्रोव्ह’ नावाचा भाग आला. त्यात कॅरल ही बाई आणि टायरीस हा माणूस, दोन लहान बहिणी आणि एक तान्हं बाळ असे रानातल्या एका घरात थांबतात. बहिणींपैकी थोरली लिझी. तिच्या मनाचा तोल गेलेला आहे. वॉकर म्हणजे मेलेले नव्हेत, फक्त वेगळे झालेले, आपले दोस्तच, असं तिला वाटतं. ते सिद्ध करायला ती धाकट्या बहिणीला स्वतः सुरीने मारते, आणि बाळाची पाळी येणार तोच मोठी माणसं पोचतात. मग रात्रभर दोघांचा विचार. हिच्यासोबत बाळाला ठेवता येत नाही. हिला एकटी सोडता येत नाही. बांधून ठेवावं तर किती दिवस? सकाळी कॅरल तिला फुलांकडे घेऊन जाते, फुलं बघ म्हणते, आणि मागून गोळी घालते.

याहून काळोखी गोष्ट टीव्हीवर क्वचितच कुणी दाखवली असेल. एक पोर बहिणीला मारतं, आणि त्या पोराला आईसारखी बाई मारते. लोक हादरले. पण लोकांनी त्या भागाला शिव्या घातल्या नाहीत. आजही मालिकेतल्या उत्तम भागांची नावं काढली की ‘द ग्रोव्ह’ त्यात असतोच. तेव्हा ‘प्रेक्षकांना कडू चालत नाही’ हा मुद्दा इथेच निकालात निघतो. कडू त्यांनी आधीही पचवलं होतं.

फरक एवढाच की लिझीच्या मरणाचं कुणी कोडं केलं नव्हतं. ती मेली, तिथेच कळलं, आणि उरलेला भाग कॅरल आणि टायरीस ते मरण कसं वाहतात, यावर खर्च झाला. कॅरलने पूर्वी टायरीसच्या मैत्रिणीला मारलेलं असतं. ते ती त्याच रात्री कबूल करते, पिस्तूल त्याच्याकडे सरकवते आणि म्हणते, काय करायचं ते कर. तो तिला क्षमा करतो, पण विसरणार नाही असंही सांगतो. असं दुःख प्रेक्षकाला सोबत घेऊन चालतं. त्याला बाहेर ताटकळत ठेवत नाही.

निगनच्या भागात मात्र मेलेल्याचं नाव हा सौदा झाला. मेला कोण, ते आम्हाला ठाऊक आहे, तुम्हाला ऑक्टोबरात सांगू, तोवर अंदाज बांधत बसा. त्यात ही पहिली वेळही नव्हती. वर्षभरापूर्वी, ऑक्टोबर २०१५ मध्ये, ग्लेन वॉकरांच्या गर्दीत कोसळताना दाखवला आणि काही आठवडे प्रेक्षकांना तो गेला की राहिला ते कळू दिलं नाही. मग तो एका कचऱ्याच्या पेटीखाली जिवंत निघाला. एकदा खोटी वर्दी दिलेल्या माणसाच्या मरणाचीच खरी वर्दी पुन्हा लांबवायची, हे लोकांना सहन झालं नाही. ज्या कॉमिकवरून ही मालिका बेतली, त्याच्या २०१२ साली आलेल्या १००व्या अंकात ग्लेन निगनच्याच हातून मरतो. म्हणजे वाचकांना तो मरणार हे चार वर्षं आधीपासून माहीत होतं. तरी ते बघायला बसले होते. मरण माहीत असणं हा अडथळा कधीच नव्हता.

आपल्याकडे तर ही रीत फार जुनी आहे. कीर्तनात अभिमन्यूचं आख्यान लागलं की मांडवातल्या शेवटच्या म्हातारीलाही ठाऊक असतं, पोरगं चक्रव्यूहातून बाहेर येणार नाही. सिंहगडाच्या पोवाड्यात तानाजी पडणार, हे शाहिराने डफावर थाप मारायच्या आधीच सगळ्यांना माहीत असतं. तरी डोळ्यांना पदर लागतोच. कुठल्याही बुवाने आजवर ‘चक्रव्यूहात कोण पडलं ते ऐकायला पुढच्या एकादशीला या’ असं सांगितलेलं नाही. सांगितलं असतं, तर लोकांनी बुवालाच उठवलं असतं.

आता मूळ मुद्द्यावर येतो. फौजेत कुणी गेलं, तर नावाबद्दल एक शिस्त असते. नाव आधी घरी जातं, मग जगात. युनिटपासून घरच्या उंबऱ्यापर्यंत ही बातमी कशी पोचवायची, कुणी सांगायची, सोबत कोण असावं, याचा विचार केलेला असतो. हल्ली टीव्हीची पट्टी आणि व्हॉट्सअ‍ॅप या शिस्तीच्या पुढे धावतात, ते दुखणं वेगळं. पण शिस्तीमागचं कारण प्रत्येक जवानाला न शिकवता कळतं. ‘कुणीतरी गेलं’ आणि ‘अमुक गेला’ या दोन वाक्यांच्या मधला वेळ हा सर्वात वाईट वेळ असतो. त्या वेळात युनिटमधल्या प्रत्येकाचं घर एकाच वेळी मरण अनुभवत असतं. जुन्या काळी गावात पोस्टमन तार घेऊन आला, की ती कुणाच्या दारात थांबते हे कळेपर्यंत अख्ख्या आळीचा श्वास अडकायचा, असं साताऱ्याकडचे म्हातारे सांगतात. तार वाचायच्या आधीच बायका रडायला लागायच्या. तो वेळ शक्य तितका कमी करणं, एवढीच माणुसकी त्या प्रसंगात आपल्या हातात असते.

नाव न कळण्याचं मोल किती, हे मराठी माणसाला तर इतिहासानेच शिकवलं आहे. १४ जानेवारी १७६१ला पानिपत झालं. सदाशिवरावभाऊ पडले, पण पार्वतीबाईंच्या मनाला ती खात्री कधी पटली नाही. त्यांनी वैधव्य मानलं नाही. त्या फटीतूनच पुढे भाऊंचा तोतया उभा राहिला, लोक त्याच्यामागे गेले, आणि १७७६ मध्ये त्याला देहदंड देईपर्यंत पेशवाईला त्याचा ताप झाला. अलीकडचं उदाहरण हवं, तर १९७१च्या युद्धातल्या बेपत्ता ५४ जणांचं. त्यांची घरं अजून दार पुरतं लावत नाहीत. गेला म्हणावं तर पुरावा नाही, आहे म्हणावं तर माणूस नाही. पन्नास वर्षांहून जास्त काळ चाललेली ही प्रतीक्षा ज्याने जवळून पाहिली, तो मेलेल्याच्या नावाचा खेळ कधी करणार नाही.

आणि योगायोग बघा. ज्या वर्षी ती मालिका जगाला ‘कोण मेलं?’ म्हणून झुलवत होती, त्याच वर्षाच्या सुरुवातीला आपण खरी प्रतीक्षा केली होती. ३ फेब्रुवारी २०१६ला सियाचिनमध्ये सोनम पोस्टवर हिमकडा कोसळला. १९ मद्रासचे दहा जवान त्याखाली गेले. त्यातला एक आपल्या सातारा जिल्ह्यातला. उंची साडेएकोणीस हजार फुटांच्या आसपास, बर्फ दगडासारखा. सगळे गेले, असंच जवळजवळ सर्वांनी धरलं होतं. तरी खोदकाम थांबलं नाही, आणि सहाव्या दिवशी लान्स नायक हनुमंतप्पा कोप्पड जिवंत सापडले. त्यांच्या घरी दुःखाचा आनंद झाला. उरलेल्या नऊ घरांत काय झालं असेल, याचा विचार करून बघा. आशा पुन्हा पेटली असेल, आणि प्रत्येक तासाने पुन्हा विझली असेल. ११ फेब्रुवारीला दिल्लीच्या लष्करी इस्पितळात हनुमंतप्पाही गेले. त्या आठवड्यात या देशात कुणीही ‘उत्कंठावर्धक’ हा शब्द वापरला नाही. वाट बघण्यात मजा असते, हे ज्याच्या घरचं कुणी बर्फाखाली नाही त्यालाच सुचू शकतं.

म्हणून मला वाटतं, २०१६चे प्रेक्षक ज्या रागाने बोलत होते तो राग निरोगी होता. त्यांना स्वतःलाही तो नीट मांडता आला नसेल. कुणी रक्ताला दोष दिला, कुणी बॅटला, कुणी लेखकाला. मुळात त्यांना हे खटकलं की ज्या माणसावर सहा वर्षं जीव लावला, त्याच्या मरणाचा कुणीतरी तिकीटबारीसारखा वापर केला. दुखवट्याला बोलावून दारात रांग लावायला सांगितली. खोट्या माणसासाठी का होईना, पण मरणाचा मान राखा, असं ते म्हणत होते. अशा समाजात राहायला मला आवडेल.

आमच्या गावचे एक रिटायर्ड सुभेदार फोनवर म्हणाले, “खोट्या माणसासाठी कसला शोक करता रे? आम्ही खरे उचललेत.” त्यांचा मान राखून सांगतो, काका, खरे उचलले म्हणूनच तुम्हाला हे कळायला हवं. ज्याने कधी कुणाला उचललेलं नाही, त्याला मरण कसं असतं ते गोष्टीतूनच कळणार. आणि गोष्टीने जर त्याला शिकवलं की मरण म्हणजे पुढच्या सीझनची जाहिरात, तर उद्या तो आपल्या पोरांच्या मरणाकडेही तसंच बघेल. टीव्हीवर चकमकीची बातमी चालू असताना ‘आकडा किती झाला’ म्हणून विचारणारे लोक आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत.

मात्र प्रेक्षकांच्या सगळ्याच तक्रारी मला मान्य नाहीत. दोन तक्रारींवर मी लेखकांच्या बाजूने उभा राहीन.

पहिली तक्रार अशी, की रिकसारखा नायक गुडघ्यावर बसून थरथर कापतो, रडतो, हे बघवत नाही. त्याने काहीतरी करायला हवं होतं. काय करायला हवं होतं? भोवती शस्त्रधारी माणसांचं कडं, मागे दहा जीव, हातात काही नाही. आपल्या सिनेमांनी असं भरवलं आहे की अशा वेळी नायक उसळी मारतो आणि वीस जणांना लोळवतो. प्रत्यक्षात अशा वेळी कमांडरचं काम कधी कधी एवढंच उरतं, की स्वतःचा अपमान गिळायचा आणि उरलेल्यांना जिवंत घरी न्यायचं. ते काम सर्वात अवघड आहे आणि त्याला पदक मिळत नाही. रिक त्या रात्री हरला, पण उरलेल्यांना जिवंत ठेवून हरला. ती हार मला त्या भागातली सर्वात खरी गोष्ट वाटली.

दुसरी तक्रार, ग्लेनचं मरण निरर्थक होतं. चूक डॅरिलची, जीव ग्लेनचा, हा कुठला न्याय? न्याय नाहीच. पण असंच होतं. ठोसा मारणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं. मित्राला डोळ्यांसमोर ठेचलेलं पाहून हात उचलला गेला. हुकूम होता, हलू नका. एकाला तो पाळवला नाही आणि किंमत शेजारच्याने दिली. फायर डिसिप्लिन म्हणजे काय, ते नव्या रंगरुटाला तासभर लेक्चर देऊन जेवढं कळत नाही, तेवढं त्या अर्ध्या मिनिटात कळतं. आणि त्याहून खरं आहे ते पुढे. डॅरिल बोलायचा थांबतो. मॅगीसमोर डोळे वर करत नाही. बऱ्याच भागांनंतर, त्याच सीझनच्या शेवटाकडे, मॅगी स्वतः त्याला गाठते आणि सांगते, यात तुझा दोष नाही. ज्यांच्या मनात ‘त्याच्या जागी मी का नाही’ हा प्रश्न वर्षानुवर्षं बसून आहे, अशी माणसं आपल्या बिरादरीत पुष्कळ आहेत. ते बोलत नाहीत, फक्त पंधरा ऑगस्टला थोडी जास्त घेतात आणि लवकर झोपतात. त्यांच्यापैकी किती जणांना त्या घरच्या वहिनीने येऊन ‘भाऊजी, तुमचा दोष नाही’ असं सांगितलं असेल? तुम्ही माजी सैनिक असाल आणि असा एखादा दोस्त तुमच्या ओळखीत असेल, तर त्याला त्या घरी एकदा घेऊन जा. बहुतेक वेळा ते घरही त्याचीच वाट बघत असतं.

म्हणजे त्या भागात माल खरा होता, वेष्टन खोटं होतं. लोकांनी वेष्टनाच्या रागात मालही फेकून दिला, आणि त्याला जबाबदार वेष्टन करणारेच आहेत. पुढे निर्मात्यांनी रक्त कमी केलं, पण लोकांचा विश्वास गेला होता तो त्याने परत आला नाही. जखम पायाला आणि पट्टी हाताला, असा तो प्रकार.

त्या भागाचा शेवट मात्र फारसा कुणी बोलला नाही, म्हणून तो इथे सांगून ठेवतो. निगनचा ताफा निघून जातो, उजाडलेलं असतं. अकरांतले दोन मेलेले, डॅरिलला ते पकडून घेऊन गेलेले. उरलेले अजून गुडघ्यांवरच, उठायचं कसं हेच कुणाला कळत नाही. सर्वात आधी उठते मॅगी. आजारी, गरोदर, पायांवर नीट उभी राहू न शकणारी. बाकीच्यांना ती घरी परत जायला सांगते. नवऱ्याला तीच उचलणार, कुणाची मदत नको म्हणते. मग साशा पुढे येते, अब्राहमला मी नेते म्हणते, तुझ्यासोबत येते म्हणते. मग बाकीचेही उठतात, ग्लेनच्या देहाला हात लावतात आणि त्याला उचलतात. दोघांनाही नेऊन हिलटॉप नावाच्या वस्तीत पुरलं जातं.

या काही मिनिटांत संवाद थोडा, संगीत जेमतेम, रक्त वाळलेलं. कोडं नाही, धक्का नाही. मेलेल्यांना नाव आहे, त्यांचं माणूस सोबत आहे, आणि उचलायला हात आहेत. २०३ दिवस लोकांना ताटकळत ठेवण्याऐवजी एप्रिलमध्येच हे दाखवून सीझन संपवला असता, तर लोक रडले असते, आणि ऑक्टोबरात परतही आले असते.

जय हिंद.